सखाहरीचं शेवटचं कडवं

डफ आधी आला, बातमी मागून. कारखान्याच्या शेतकी ऑफिसात मी ऊसनोंदी लिहीत बसलो होतो. पुणतांब्याहून सखाहरीचा मेव्हणा आला आणि जुन्या धोतरात गुंडाळलेला डफ त्यानं माझ्या टेबलावर ठेवला. डफाचं काही बिघडलं की सखाहरी तो माझ्याकडंच धाडायचा, म्हणून मी गाठ सोडत विचारलं, "फाटला का?" मेव्हणा टोपी हातात फिरवत उभा राहिला. मग म्हणाला, "डफ चांगला हाय, भाऊसाहेब. वाजवनारा गेला. काल माती झाली. तुमाला सांगावा धाडायला मानूस गावला न्हाई." मी डफ पुन्हा गुंडाळला आणि अर्धी राहिलेली नोंद पुरी केली. घरी गेल्यावरही कुणाला काही बोललो नाही. माझा स्वभावच तसा आहे, आणि त्या स्वभावाच्या आडोशानं मी बरंच काही लपवलं आहे. त्यातलं एक आज लिहितो.

सखाहरी शाहीर होता, पण कुणाचा नव्हता. ना कुठल्या फडाचा, ना पक्षाचा. तरुणपणी यात्रेतल्या सवाल-जबाबाच्या बाऱ्यांना आम्ही दोघं मिळून जायचो. समोरच्या पक्षानं कवनातून सवाल टाकला की सखाहरी उभ्या उभ्या त्याचा जबाब जुळवायचा. यमकं अशी धावत यायची की मला ध्रुपद उचलायला श्वास पुरत नसे. मी त्याचा झीलकरी, म्हणजे मागं तुणतुणं घेऊन उभा राहणारा आणि त्याची ओळ संपली की सूर धरणारा. बारी सुरू होण्याआधी तो डफ जाळावर शेकायचा. भर वैशाखातसुद्धा. मी म्हणायचो, "एवढं ऊन हाय की रं, कातडं आपसूक ताठलंय." तो म्हणायचा, "उन्हाला ताल कळत न्हाई, नाम्या." मग तळहातानं कातड्यावरून हळू हात फिरवायचा. तापलेल्या पोराच्या कपाळावरून फिरवावा तसा...

एकदा तमाशाच्या फडाचा मालक त्याच्या दारात येऊन बसला. गाडी पाठवतो म्हणाला, कपडे शिवतो म्हणाला. सखाहरीनं त्याला पोटभर जेवू घातलं आणि वाटेला लावलं. त्याची बायको, पारूवहिनी, चिडल्या. "लोकाचं नशीब दार वाजवतं, आमचं जेवून जातं," म्हणाल्या. सखाहरी हसला. "फडात गेलो तर गानं माझं आन् छाप मालकाची व्हनार." छाप म्हणजे रचणाऱ्याचं नाव. ते कवनाच्या शेवटच्या कडव्यात येतं. आमच्यात रिवाज असा की समोरच्या पक्षाचं, अगदी वैऱ्याचं कवन म्हटलं तरी छाप गाळायची नाही. आणि सखाहरीची स्वतःची एक रीत होती. छापेच्या कडव्याआधी तो डफ थांबवायचा. सगळं एकदम गप्प. एक श्वास जायचा, आणि मग नुसत्या आवाजात त्याचं नाव यायचं. त्या शांततेत यात्रेतली पोरंसुद्धा रडायची थांबत.

पुढं मला कारखान्यात नोकरी लागली आणि बाऱ्या सुटल्या. कारखान्यानं कलापथक काढलं, त्याचा मी प्रमुख झालो. सखाहरी एकटाच फिरत राहिला. मग हा दुष्काळ आला. त्याचं रान पडीक राहिलं आणि नवराबायको सरकारच्या दुष्काळी कामावर खडी फोडायला गेले. एका रविवारी त्याला भेटायला गेलो, तर बायका ओळीनं बसून खडी फोडत होत्या आणि हा डफाशिवाय, त्यांच्या हातोड्यांच्या ठेक्यावर गात होता:

हान हातोडी, हान गं बाई, दगडावरती घाव,
फुटंल खडी, हुईल रस्ता, जाईल कुठल्या गाव?

कडव्यामागून कडवी आली. शेवटी त्यानं हात वर केला, सगळ्या हातोड्या वरच्या वर थांबल्या, आणि तो म्हणाला:

गोदाकाठचा सखाहरी ह्यो इचारतो समद्यास्नी,
रस्ता आला दारापोतर, कधी यायाचं पानी?

मी तिथंच बसून ते पाठ केलं. "म्हन की तुमच्या पथकात," तो आपणहून म्हणाला. "मला लाउडस्पीकर कोन देतंय?"

कारखान्याच्या कार्यक्रमात मी ते म्हटलं. मैदान भरलेलं होतं. आयुष्यात प्रथमच मी पुढं होतो आणि झीलकरी मागं. शेवटच्या कडव्यापाशी आलो, सवयीनं थांबलो. त्या थांब्यात मैदान असं गप्प झालं की मला वाटलं, ही शांतता माझी आहे. आता दुसऱ्याचं नाव घेतलं की ती त्याची होईल. मी ध्रुपदावर परत आलो आणि गाणं संपवलं. मला कुणी सांगितलं नव्हतं, कुणी दटावलं नव्हतं. लोक विचारू लागले, "भाऊसाहेब, तुमचं का हे?" मी नुसता हसायचो. हो म्हणालो नाही, एवढंच. मग गावोगावच्या कामांवर आम्ही तसंच म्हणत गेलो आणि बायकांनी ते तसंच उचललं.

सखाहरीला ते दुसऱ्या एका खडीच्या कामावर कानी पडलं. कुणाचं म्हणून विचारलं, तर बाया म्हणाल्या, कारखान्याच्या भाऊसाहेबांचं. तो माझ्या घरी आला. खोकत होता. चहा झाल्यावर म्हणाला, "शेवटचं कडवं कुठं रं गेलं?"

"कार्यक्रमाला वेळ पुरत नाही," मी म्हणालो.

"व्हय." त्यानं बशी खाली ठेवली. "थांबतोस मात्र झ्याक. थांबून मनात काय म्हनतोस?"

मी कपबशा उचलायला लागलो. तो उठला. "म्हन पुढल्या बारीला. तेवढंच मागं ऱ्हानार हाय माझं. लेकरूबाळ न्हाई, तुला ठावं हाय." मी हो म्हणालो. त्यानंतर पथकाचे कार्यक्रम झाले. प्रत्येक वेळी त्या थांब्यापाशी यायचो आणि प्रत्येक वेळी वाटायचं, आज म्हटलं तर लोक विचारतील, इतके दिवस का गाळलंत... त्याचा खोकला वाढल्याचं कळत होतं. कडवं म्हटल्यावरच भेटायला जाऊ, असं ठरवून मी गेलोच नाही.

दहाव्याला गोदेच्या काठावर गेलो. डफ मला का पाठवला, हे वहिनींना विचारलं. त्या माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "त्यांनीच सांगितलं व्हतं. नाम्याला द्या, त्याला शेवट ठावा हाय."

पुढच्या रविवारी मी डफ घेऊन जवळच्या खडीच्या कामावर गेलो. तिथल्या चुलीवर तो शेकला, गाणं सुरू केलं. बायकांनी लगेच सूर धरला. शेवटी थांबलो आणि छापेसकट कडवं म्हटलं. बाया एकमेकींकडं बघायला लागल्या.

"हे कुठनं जोडलं, भाऊसाहेब?" एक म्हातारी म्हणाली.

"जोडलं नाही, आजी. गाणं सखाहरीचंच आहे, माझ्या गेलेल्या दोस्ताचं. नाव मी गाळलं होतं."

"मेलेल्या दोस्ताचं नाव घालतायसा, चांगलं मन हाय तुमचं," ती समजुतीच्या सुरात म्हणाली. "पन मूळ गान्यात न्हाई ते. आमाला पाठ हाय की." मी पुन्हा सांगितलं, त्याच्या नावाची शपथ घेतली. तिनं पाण्याचा तांब्या पुढं केला. "बसा सावलीला. लई जीव व्हता वाटतं तुमचा." माझ्या चोरीला तिनं माया म्हटलं. तिच्यापुढं मी कसला पुरावा ठेवणार होतो...

त्या पुन्हा कामाला लागल्या. आपल्या पद्धतीनं, मी शिकवलेल्या पद्धतीनं गाऊ लागल्या. शेवट आला आणि सगळ्या हातोड्या वरच्या वर थांबल्या. एक श्वास. मग ध्रुपद, मग घाव. कशासाठी थांबायचं, हे त्यांच्यातल्या कुणालाच ठाऊक नाही.

आता दर रविवारी जातो. डफ शेकतो आणि पुढं न बसता त्यांच्या मागं बसतो, माझ्या जुन्या जागी. हातोड्या वर थांबल्या की त्याचं नाव त्या श्वासात बरोबर बसतं. मी ते म्हणतो. अजून कुणी उचललेलं नाही.