समुद्रमार्गे पळून जाण्याची शक्यता

“आरोपीकडे होडी असल्याने तो समुद्रमार्गे पळून जाण्याची शक्यता आहे.” मॅजिस्ट्रेटसाहेबांनी वाक्य मोठ्याने वाचलं आणि चष्मा काढला. “हे तुम्हीच लिहिलंत?”

“होय सर.” मी ताठ उभी. वाक्य मला आवडलं होतं. त्यात ‘समुद्रमार्गे’ होतं.

वीस वर्षं कॉन्स्टेबल राहून, खात्याची परीक्षा देऊन मी नुकतीच फौजदार झाले होते. वय सेहेचाळीस. तेव्हा नातू नव्हता आणि अक्कलही नव्हती. मालवणला येऊन आठवडा झाला होता. माहेर-सासर दोन्ही वैभववाडीकडचं, भात आणि काजूवाल्यांचं. समुद्राशी ओळख तळलेल्या सुरमईपुरती.

प्रकरण साधं होतं. जून महिना. पन्नाशीचा मच्छीमार झिलू आणि पर्यटकांना बोटीतून फिरवणारा एक जण किनाऱ्यावरच्या जागेवरून भांडले. झिलूने वल्हं हाणलं, समोरच्याच्या डोक्याला तीन टाके पडले. तो चार माणसं घेऊन ठाण्यात आला. “आत टाका त्येका, नायतर जमणा नाय म्हणान सांगा.”

जमत नाही? मला? मी थेट किनाऱ्यावर गेले आणि झिलूला अटक केली. तो जाळं शिवत बसला होता. सुई खाली ठेवून शांतपणे म्हणाला, “येतंय मी. पण बुधवारी बायलेक ओरोसाक न्हेवचा आसा, डायलिसिसाक. माझ्याशिवाय कोण नाय.”

“बायकोचं जे सांगायचं ते कोर्टात सांग,” मी म्हणाले. सोमवार होता. अशी वाक्यं मला पाठ होती.

आता थोडा कायदा. पोलिसांच्या मनात आलं की अटक, असं लोकांना वाटतं. मलाही वाटायचं, आणि मी तर पोलीस होते. सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यात अटकेला लेखी कारण लागतं. माणूस पळेल, पुरावा नाहीसा करेल, साक्षीदाराला दमदाटी करेल, असं काहीतरी. कारण नसेल तर नोटीस द्यायची, अमुक दिवशी ठाण्यात हजर राहा. अटक केलीच तर चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटसमोर न्यायचं आणि कारणांची चेकलिस्ट सोबत द्यायची. झिलूचा गुन्हा तीन वर्षांपर्यंतच्या शिक्षेचा. म्हणजे कारण आधी, अटक नंतर. मी अटक केली आणि मग कारण शोधायला बसले.

चेकलिस्ट भरताना हवालदार परब शेजारी होते. किनाऱ्यावर जन्मलेला माणूस.

“मॅडम, ती होडी…”

“परब, मधे बोलू नका. लिंक तुटते.”

परब पुढचा कागद शोधू लागले. लिंक तुटली नाही.

मंगळवारी कोर्टात साहेबांनी विचारलं, “ही होडी सध्या कुठे आहे?”

मी परबांकडे पाहिलं. परब पंख्याकडे पाहत होते. शेवटी झिलूच बोलला.

“सायबानु, पावसात मासेमारी बंद. होडी वर वडून काडलेली आसा, झापा घालून. पाण्यात घालूक पंदरा माणसा लागतत.”

“फौजदारबाईंना दिसली नाही?”

“दिसली तर! अटकेचो कागद बाईनी तिच्यारच ठेवन लिवल्यानी.”

नारळाच्या झापांनी झाकलेली ती होडी मला पेंढ्याची रास वाटली होती. आमच्याकडे असंच झाकतात. टायपिस्टने खाली मान घालून हसून घेतलं. साहेब हसले नाहीत, ते जास्त लागलं.

“तुला आणखी काही सांगायचंय?” त्यांनी झिलूला विचारलं.

“उद्या बायलेक डायलिसिसाक न्हेवचा आसा. आठवड्यात दोनदा न्हेतंय. बाईनी सांगल्यानी, कोर्टात सांग.”

साहेब माझ्याकडे वळले. “हे तुम्हाला माहीत होतं?”

“होय सर.”

“आणि तरी हा समुद्रमार्गे पळणार?”

मला माझंच वाक्य आवडेना. आयुष्यात प्रथमच.

“कारण तुम्ही लिहायचं आणि मी तपासायचं. तपासलं. हे कारण नाही.” त्यांनी कोठडी नाकारली आणि झिलूला बॉण्डवर सोडलं.

कोर्टाच्या व्हरांड्यात मी त्याला रीतसर नोटीस दिली, उद्या अकरा वाजता ठाण्यात हजर राहण्याची. त्याने वाचली आणि हळूच म्हणाला, “बाई, उद्या?”

मी तारीख खोडून गुरुवार लिहिला. परबांनी पेन आधीच उघडून धरलं होतं.

गुरुवारी तो दहालाच येऊन बाकावर बसला. सोबत बायको. बारीक, थकलेली, आवाज मात्र अख्ख्या ठाण्याला पुरेल असा.

“माझो घोव होडयेन पळतलो म्हणान लिवलेलास, त्या तुमीच मा?”

“हो, मीच.”

“अहो बाई, ह्यो एसटीत बसलो तर कट्टा गावापर्यंत दोनदा ओकता! म्हणान तर माका मोटारसायकलीवरसून न्हेता. ह्यो पळतलो?”

झिलू लाजून जमिनीकडे बघत होता. मी जबाब लिहायला घेतला.

पुढे तो दोषी ठरला आणि चांगल्या वर्तणुकीच्या बॉण्डवर सुटला. एकही तारीख चुकवली नाही. मी आणखी बारा वर्षं नोकरी केली. कारणाचा रकाना आधी भरायचे. भरता आला नाही तर नोटीस. नोटीस मिळालेली माणसं बहुतेक वेळा येतात. फक्त येताना बायकोला आणू नका, असं नोटिशीत लिहायची सोय कायद्याने ठेवलेली नाही.