स्कॅनची फाइल पुण्याला पोचवताना

दोन हजार सालानंतरची पहिली काही वर्षं मी कोल्हापुरातल्या एका हॉस्पिटलच्या सीटी स्कॅन केंद्रात कॉम्प्युटरचं काम बघत होते. स्कॅनची फाइल पुण्यातल्या डॉक्टरांना इंटरनेटवरून उतरवून घेता यावी, ही सोय आम्ही नुकतीच सुरू केली होती. आमच्या डॉक्टरांचं म्हणणं होतं, वेबसाइट उघडते तशीच फाइल मिळू दे, म्हणजे एचटीटीपी. मी एफटीपीवर, म्हणजे फाइल पाठवायच्या वेगळ्या, जुन्या पद्धतीवर अडून बसले. आमचा वेब सर्व्हर जुना होता. मधे लाइन तुटली की डाउनलोड पुन्हा पहिल्यापासून. एफटीपीत तुटलं तिथून पुढे सुरू करता यायचं. घरून करून बघितलं तेव्हा छान चाललं होतं.

मग एका दुपारी राधानगरीकडची एक तरुण बाई आली. नवऱ्याच्या मोटरसायकलवर मागे बसलेली असताना पडलेली. आली तेव्हा बोलत होती, स्कॅन होईपर्यंत हाकेला ओ देईनाशी झाली. मेंदूबाहेर रक्त साचलं होतं. मेंदूचे सर्जन परगावी होते. इथले जनरल सर्जन कवटी उघडायला तयार होते, पण पुण्यातल्या तज्ज्ञांनी फोटो बघितल्याशिवाय नाही. आणि तिला गाडीत घालून पुण्याला न्यायचं तर वाटेत काय होईल ते कुणीच सांगेना.

पुण्याहून फोन आला. "लॉगिन होतंय, पण फाइलच दिसत नाही."

काय झालं ते माझ्या लक्षात आलं. एफटीपी बोलतं एका जोडणीवर आणि फाइल पाठवतं दुसऱ्या. त्यांच्या हॉस्पिटलच्या फायरवॉलनं पहिली आत सोडली, दुसरी अडवली. ती उघडून देणारा माणूस सुट्टीवर.

मी तीच फाइल वेब सर्व्हरवर टाकली. डाउनलोड सुरू झालं. बाहेर पाऊस धो धो, फोनवर नुसती खरखर. अर्ध्याच्या पुढे गेलं आणि तुटलं. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा तुटलं.

त्या बाईची सासू दारात येऊन उभी राहिली. ओला पदर हातात पिळत म्हणाली, "पोरी, फोटू गेलं का न्हाय?"

"जातायत, मावशी."

"जातायत म्हंजी? गेलं न्हाईत न्हवं?"

मी पडद्याकडे वळले.

तेवढ्यात डोक्यात आलं, की अख्खी फाइल कशाला? स्कॅन म्हणजे डोक्याच्या कापांचे सुटे फोटो. मी डॉक्टरांना हाक मारली. "सर, यातले कुठले बघितले की त्यांना कळेल?"

ते माझ्या खुर्चीमागे वाकले, पडद्यावर बोट ठेवत गेले. "हा. हा. आणि हे पुढचे चार." मी तेवढेच वेगळे काढले, एकेक करून वेबवर ठेवले आणि फोनवर म्हटलं, "आता एकेक उतरवा. तुटला तर तेवढाच परत घ्या."

पहिला पोचला. दुसरा तुटला, लगेच परत घेतला, पोचला. शेवटचा जायच्या आतच पुण्याचे तज्ज्ञ स्वतः फोनवर आले. "पेशंटला हलवू नका. तिथंच उघडा, आत्ता. कुठे ते मी सांगतो." डॉक्टरांनी माझ्या हातातून रिसीव्हर घेतला आणि सर्जनना बोलवायला माणूस पळवला.

सासू अजून दारातच होती. मी म्हटलं, "गेले, मावशी. ऑपरेशन इथंच करणार." ती भिंतीला टेकत खाली बसली. मीही तिच्याशेजारी जमिनीवर बसले.

ती बाई वाचली. शब्द मात्र लवकर सापडेनात. नवऱ्याला हाक मारायची तर सासऱ्याचं नाव तोंडात यायचं, आणि ती स्वतःच रडायची. पुढं हळूहळू सुधारलं.

ऑपरेशन झालं त्याच आठवड्यात मी एफटीपी बंद केलं. अर्धवट तुटलेलं डाउनलोड पुढे चालू ठेवणारा नवा वेब सर्व्हर बसवला, आणि फोटो सुटेच ठेवले. डॉक्टरही प्रत्येक स्कॅननंतर महत्त्वाचे काप कुठले, ते मी विचारायच्या आधीच सांगायला लागले.