काकूंची ताटली आणि आडवी मालगाडी

किस्से जमवावे लागत नाहीत. ते साचत जातात. लोकसाहित्याच्या अभ्यासात बरीच वर्षे घालवल्यावर माझे असे मत झाले आहे, की कथा जन्माला यायला दोनच गोष्टी पुरतात: खोळंबलेली माणसे आणि त्या सर्वांना मिळून असलेला एक संशय.

नांदेडात मुदखेडच्या बाजूला, रुळांपलीकडे आमची वसाहत आहे. शहरात जायला एकच रेल्वे फाटक. सिग्नल मिळेपर्यंत मालगाडी त्या फाटकात आडवी उभी राहिली, की वरील दोन्ही गोष्टींची सोय होते. त्र्याण्णवच्या भूकंपानंतरच्या वर्षांत, बारावीच्या क्लासांची भरभराट सुरू झाली त्या काळात, तिथे आमचे एक मंडळच तयार झाले होते. पंक्चरवाले खाजाभाई, क्लास चालवणारे बिराजदार सर, क्लासच्या मुलींना खोल्या देणाऱ्या गोदाकाकू आणि मी. गाडी थांबली की कोणीतरी डोळे बारीक करून म्हणायचे, "उगाच न्हाई थांबली!" आणि सभा सुरू व्हायची.

*

पहिला संशय अर्थातच मालावर. ताडपत्री बांधलेल्या वाघिणी, म्हणजे मालाचे डबे, आले, की खाजाभाई हातातली ट्यूब पाण्याच्या टबात तशीच सोडून उभे राहत.

"झाक्या हुआ है साहेब. झाकलंय म्हंजे काहीतरी हायच."

मी म्हणालो, "खत असेल, धान्य असेल. पावसाने भिजू नये म्हणून झाकतात."

"ऊन पडलंय, अन् पावसासाठी झाकलंय?" खाजाभाईंनी माझ्याकडेही जरा संशयाने पाहिले.

पुढे एकदा उघड्या वाघिणींची गाडी आली. आत कोळसा, स्पष्ट दिसणारा. मला वाटले, आता तरी समाधान होईल. खाजाभाई बराच वेळ बघत राहिले आणि हळू आवाजात म्हणाले, "हे तर लईच वाईट हाय साहेब. आता आपल्याला दाखवायलेत!"

*

बिराजदार सर राहायला वसाहतीत, त्यांचा क्लास फाटकापलीकडे शहराच्या बाजूला. मालगाडी नेमकी क्लासच्या वेळी आडवी येते, हा त्यांचा सिद्धांत. त्यामागे दुसऱ्या क्लासवाल्याचा हात आहे, हे उपप्रमेय.

एकदा त्यांनी गुपचूप वेळ बदलली. कुठे फलक लावला नाही, मंडळालाही सांगितले नाही. फक्त वर्गात मुलांच्या कानावर घातले. दुसऱ्या दिवशी नव्या वेळेला सर स्कूटर घेऊन फाटकावर आले, तर समोर मालगाडी!

आम्हाला वाटले, सिद्धांत कोसळला. सरांचा चेहरा मात्र उजळला. "बघितलं? म्हंजे खबऱ्या माझ्याच वर्गात हाय!"

त्या आठवड्यात त्यांनी पहिला बाक मागे नेला आणि मागचा पुढे आणला. गाडीच्या वेळेत फरक पडला नाही. सरांच्या मते खबरे दोन होते, एक पुढे, एक मागे.

*

याच सरांच्या वर्गातला एक किस्सा मुलींनी काकूंना सांगितला, काकूंनी आम्हाला. एक मुलगा उशिरा आला. कारण ठरलेलेच: "सर, मालगाडी आडवी होती."

"तू तर क्लासच्या मागच्या गल्लीत राहतोस की रे! तुला कशाला फाटक लागतंय?"

"मला न्हाई सर, तुम्हाला लागतंय. तुम्ही तिकडंच अडकले असणार म्हणून मी घरी बसून राहिलो."

*

एकदा वरात फाटकावर आली. पुढचा अर्धा भाग पलीकडे गेला आणि फाटक पडले. नवरदेव, घोडा आणि बँड अलीकडे. मुलीचे मामा आणि मंडपात नेऊन पोचवणारी मंडळी पलीकडे. मध्ये मालगाडी.

मुलीचे मामा वाघिणीखाली वाकवाकून पाहू लागले. त्यांना नवरदेवाचे पाय दिसत नव्हते. "घोड्यावर हाय, पाय कसे दिसतील?" असे कोणीतरी म्हणाले. मामांना ते पटले नाही. ते ओरडले, "बँड का बंद पडलाय? पोरगं पळालं काय?"

गाडी सरकली. नवरदेव घोड्यावर जागच्या जागी होता. बँड गेला होता! खोळंब्यात अलीकडच्या दुसऱ्या वरातीने त्याला उचलले होते. मामा नवरदेवाकडे रोखून बघत म्हणाले, "हा का न्हाई गेला मग?"

*

आता गोदाकाकूंकडे वळतो. आमच्या हसण्यात सामील होणाऱ्या काकूंचे मात्र या गाड्यांवर सगळे अवलंबून होते.

काकू मूळच्या औशाकडच्या. भूकंपात गावचे घर गेले, घरातली माणसेही गेली. वसाहतीत त्यांनी पत्र्याच्या खोल्या बांधल्या आणि क्लासच्या मुली ठेवल्या. प्रत्येक खोलीत कोनाड्यात एक तांब्या पालथा, त्यावर स्टीलची ताटली, ताटलीत एक चमचा. जमीन हलली की ताटली पडणार. त्या काळी आमच्याकडे हा प्रकार घरोघरी होता.

अडचण एवढीच, की मालगाडीनेही ताटली पडे. मग वसाहतीने नियम केला: ताटली पडून गाडीचा भोंगा ऐकू आला तर बसून राहा, भोंगा नसेल तर पळा. भीतीला लावलेली इतकी शिस्तबद्ध पुरवणी मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

पालक खोली बघायला आले की काकूंचा जीव टांगणीला लागे. एक गृहस्थ ताटली पडताच उठून उभे राहिले. "घर हलतंय की तुमचं!"

काकू चहा ओतत म्हणाल्या, "हलून उभं हाय, ते बघा. आमचं गावाकडचं घर कधीच हललं न्हवतं."

त्या गृहस्थांनी मुलीला ठेवले. पण सगळेच असे नसत. एका हंगामात बऱ्याच मुली दुसरीकडे गेल्या. राहिलेल्यांत देगलूरच्या एका कापडवाल्यांची मुलगी होती, आणि तिच्याबरोबर तिच्या गावच्या मैत्रिणी. ती गेली तर त्या जाणार, त्या गेल्या तर खोल्या रिकाम्या.

*

कापडवाले एके दिवशी आलेच. म्हणाले, "लोक काय काय सांगायलेत. मी दुपारभर खोलीत बसतो. हललं तर पोरीला घेऊन जाणार."

मुलीची ट्रंक बांधूनच ठेवली होती. दुपारची मालगाडी ठरलेली. आम्ही मंडळी कुंपणाशी उभे.

गाडी आली नाही.

कापडवाले ताटलीकडे बघत बसले. चमचासुद्धा हलला नाही. बिराजदार सर माझ्या कानाशी लागले, "पालक आले अन् गाडी बंद! काकूची वरपर्यंत ओळख हाय, लिहून घ्या."

मला वाटले, काकूंच्या खोल्या वाचल्या. काकू मात्र दारात उभ्या राहून रुळांकडे कान देत होत्या. त्यांचा चेहरा उतरत गेला. एकाएकी त्यांनी पदर खोचला.

"पोरींनो, बाहेर! गाद्या राहू द्या, आधी तुम्ही निघा! खाजाभाई, गल्लीत सांगा!"

खाजाभाईंनी कारण विचारले नाही. बघता बघता वसाहत घराबाहेर आली. म्हाताऱ्यांच्या बाजा अंगणात आल्या, मुलींनी ट्रंकाही ओढून आणल्या. कापडवाले गोंधळून ओरडले, "अहो बाई, आज तर काहीच हललं न्हाई!"

"म्हणूनच!" काकू म्हणाल्या. "आमच्याकडं बी आदल्या दिवशी असंच गप्प होतं."

कापडवाले मुलीचा हात धरून काकूंच्या बाजेवर टेकले. थोड्या वेळाने मी पाहिले, तर तेही रुळांच्या दिशेने कान देऊन बसले होते.

ऊन उतरल्यावर लांबून भोंगा आला. मग जमीन थरथरली, आणि आतल्या खोल्यांमधून ताटल्या पडल्याचे आवाज एकामागून एक येऊ लागले. साऱ्या अंगणाने श्वास सोडला.

सगळ्यांत आधी उठले ते कापडवाले. धोतर झटकले, मुलीची ट्रंक खांद्यावर घेतली, आणि काकूंना म्हणाले, "चला, आता आत जायला हरकत न्हाई."