चौथ्या मजल्यावरून समुद्राचा कारभार

समुद्राची जितकी काळजी आपल्या इमारतीतल्या चौथ्या मजल्यावरच्या आजोबांनी केली, तितकी किनाऱ्यावर जन्मलेल्या कुणीही केली नसेल. आपलं तारनाका समुद्रापासून रेल्वेने एका रात्रीच्या अंतरावर आहे, हे ध्यानात घेतलंत म्हणजे या काळजीची मजल कळेल. मराठवाड्यातलं पक्कं शाकाहारी घर, लहानपणी पाहिलेलं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे गावची विहीर, आणि त्या विहिरीचीही भीती. असा माणूस सगळी नोकरी इथल्या एका प्रशिक्षण संस्थेत, किनाऱ्यावरून येणाऱ्या अधिकाऱ्यांना मच्छीमार गावांचा कारभार शिकवत होता. जाळ्याचं भोक केवढं असावं, पावसाळ्यात मासेमारी का थांबवावी, सगळं गाव मिळून रापणीचं लांबलचक जाळं ओढतं तेव्हा म्हाताऱ्या विधवेचा वाटा कसा धरतात, हे त्यांना तोंडपाठ. वर्षातून एकदा ते अभ्यासदौऱ्यावर किनाऱ्याला जात. तुमचे सख्खे आजोबा एकदा हौसेने बरोबर गेले होते. परत आल्यावर म्हणाले, "हा माणूस चपला हातात घेऊन, लाट जिथे संपते तिथून दोन पावलं मागे उभा राहतो, आणि तिथून समुद्राला सूचना देतो."

त्यांचं एक वाक्य होतं आणि ते त्यांनी आयुष्यभर वापरलं: "ज्याच्यावर परिणाम होणार, त्याला आधी विचारा." संस्थेत हे वाक्य शोभत असेल. इमारतीत त्याने उच्छाद मांडला. बाहेरच्या भिंतीला कोणता रंग द्यायचा, याची चर्चा त्यांनी सात महिने चालवली. सगळ्या बिऱ्हाडांना विचारलं, भाडेकरूंना विचारलं, समोरच्या इमारतीला विचारलं, कारण ती भिंत आपल्यापेक्षा त्यांना जास्त दिसते, आणि शेवटी दूधवाल्यालाही विचारलं, कारण रोज सगळ्यांत आधी ती भिंत तोच पाहतो. तोवर पावसाने होता तोही रंग नेला. त्यांची बायको कुसुमताई, जिच्या खिशात तुमच्यासाठी नेहमी चिक्की असायची, ती या वाक्याला चांगलीच ओळखून होती. घरात काही ठरायचं असलं की म्हणायची, "समुद्रावरच्या सगळ्यांना विचारून झालं, की मग माझी पाळी येते."

पावसाळ्यात मासे अंडी घालतात म्हणून किनाऱ्यावर मासेमारी बंद ठेवतात. हा बंदीकाळ त्यांना इतका आवडायचा, की इथे मासेमारी नव्हती तर त्यांनी तो आवारातल्या कढीपत्त्याच्या झाडाला लावला. झाड ओरबाडून ओरबाडून काठीसारखं झालं होतं, हे खरं. पण दोन महिने एकही पान तोडू नये अशी पाटी झाडाच्या गळ्यात आली, तेव्हा इमारतीतल्या बायकांनी त्यांना मनातल्या मनात काय काय म्हटलं, ते मी लिहीत नाही, कारण हे तुमची आई वाचून दाखवणार आहे. मी स्वतः त्या काळात दोनदा कायदा मोडला. दुसऱ्यांदा मोडला त्याच सकाळी ते आपल्याकडे आले. मी पोहे पुढे ठेवले. त्यांनी चमच्याने एक पान बाजूला केलं, दुसरं केलं, तिसरं केलं, आणि म्हणाले, "वहिनी, हा माल जप्त करावा लागेल." मग दोन वेळा मागून घेऊन सगळा माल जप्त केला. पावसाळ्यानंतर झाड असं फुटलं, की बायकांना कबूल करावं लागलं. कुणी केलं नाही, ती गोष्ट वेगळी.

पण त्यांची खरी ओळख म्हणजे शर्टाच्या खिशातून डोकावणारी पोलादी पट्टी. दर रविवारी सकाळी आपल्या फाटकाशी मल्लम्मा जर्मनच्या मोठ्या घमेल्यात मासे घेऊन बसायची. आजोबा खाली उतरायचे, नाकाला रुमाल लावायचे, वाकायचे आणि एकेक मासा मोजायचे. हात लावायचा नाही, घ्यायचा नाही, खाण्याचा तर प्रश्नच नाही. मासा लहान निघाला की रुमालातूनच समज द्यायचे, "अम्मा, ये बच्चा है. इसको बडा होने दो." मल्लम्मा म्हणायची, "बच्चा नईं सार. इसकी जात इत्तीच है." एकदा घमेल्यात मरळ होता. हा मासा पाण्याबाहेर काढला तरी बराच वेळ जिवंत राहतो, हे त्यांनी कित्येक अधिकाऱ्यांना शिकवलं होतं. पट्टी अंगाला लागताच त्याने शेपटीचा असा फटकारा मारला की चष्मा उडून कोथिंबीरवाल्याच्या टोपलीत. "उसको नाप पसंद नईं आया, सार," मल्लम्मा शांतपणे म्हणाली. गिऱ्हाइकं जमली की ती त्यांची ओळख करून द्यायची, "खाते बी नईं, लेते बी नईं, खाली नापते. पहले दर्जी थे क्या सार?" ते मनापासून हसायचे. त्या दोघांचं छान जमत होतं, असं आम्हाला सगळ्यांना वाटायचं. त्यांनाही.

मग आपल्या मागच्या तळ्याचं सुशोभीकरण झालं. तुम्ही पाहिलंत तेव्हा तिथे कचरा आणि जलपर्णी होती. आता भोवती कुंपण आलं, चालायला वाट आली, एक लोखंडी दार आलं, आणि ते दार सांभाळायला वसाहतीची समिती आली. अध्यक्ष कोण, हे सांगायला नको. चिटणीस मी. तीन महिने ते विचारत फिरले. सकाळी चालणारे, संध्याकाळी चालणारे, हास्यक्लब, कुत्रेवाले, पक्ष्यांचे फोटो काढणारे. बगळ्यांना विचारायचं तेवढं राहिलं, असं तुमचे आजोबा म्हणाले, तर ते खरोखरच विचारात पडले. शेवटी नियम तयार झाले. मी ते समास सोडून, कलमांना आकडे घालून, तीन भाषांत टाइप केले. दार सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी चार ते सात उघडं राहील. तळ्याच्या आवारात थर्माकोल आणायला सक्त मनाई. या कलमाला कारणही जोडलं होतं: तळ्याच्या मध्यावर थर्माकोलचे मोठमोठे तुकडे तरंगताना अध्यक्षांनी स्वतः बाल्कनीतून पाहिले आहेत. सगळे नियम एकमताने मंजूर झाले. आजोबांनी सही केली आणि म्हणाले, "वहिनी, सगळ्या देशात असा कारभार झाला तर काय पाहिजे."

पुढच्या काही रविवारांत त्यांची पट्टी त्यांना काहीतरी सांगू लागली. मल्लम्माच्या घमेल्यातले मासे सगळे एका मापाचे निघत होते. मरळ दिसेना, ती जातच लहान असलेली मासळीही दिसेना. नुसते बर्फातले रोहू, जणू साच्यातून काढलेले. एका रविवारी मी कोथिंबीर घेत शेजारीच उभी होते. त्यांनी विचारलं, "अम्मा, ये सब एक ही नाप का कैसे?"

"मंडी का माल है, सार. वो लोगां तालाब खोद के पालते."

"और पहले कहां से लाती थी?"

मल्लम्माने हनुवटी उचलून इमारतीमागचं तळं दाखवलं. "चेरुवू से. मेरे मरद का संघम है ना सार, मछलीवालों का. बारिश में बच्चे छोडे हम लोगां, अब बडे हुए तो आप ताला डाल दिए. सवेरे साडेचार को जाल निकालते थे. अब मरद सेंट्रिंग के काम पे जा रा. धूप में पानी उतरा तो मछली सब मर जाती."

आजोबांनी रुमाल नाकावरून काढला. "मुझे किसी ने बताया नहीं."

"आप पूछे कब?" मल्लम्मा म्हणाली. "नापे तो हर इतवार."

ती रागावलेली नव्हती. तराजू पुसत होती. तिचा नवरा संघमचा कागद घेऊन दोनदा तळ्याच्या दारापर्यंत आला होता, आणि रखवालदाराने दोन्ही वेळा त्याला नियमांचा फलक दाखवला होता, माझ्या तीन भाषांतला. "बोर्ड पे आपकी साइन थी सार," ती म्हणाली. "फिर क्या बोलना."

मग तिने थर्माकोलचंही सांगितलं. इथल्या तळ्यांत होड्या नसतात. थर्माकोलचे ठोकळे बांधून त्यांचा तराफा करतात आणि त्यावर बसून जाळं टाकतात. आजोबा बाल्कनीतून पाहत होते तो कचरा म्हणजे तिचा नवरा होता. इतक्या लांबून, चष्मा न लावता, पहाटेच्या धुक्यात.

दोन दिवस ते आपल्याकडे आले नाहीत. कुसुमताई येऊन सांगून गेली, "जेवण अर्धंच. एकटेच सभा घेतायत." मलाही पोहे गोड लागेनात. ते कलम मी टाइप केलं होतं, स्वल्पविरामासकट, आणि फाटकाशी मासे घेणाऱ्यांच्या रांगेत बारा वर्षं मीही उभी राहिले होते. मासे कुठून येतात, हे मलाही विचारावंसं वाटलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी त्यांनी पहाटे साडेचारला तळ्याच्या दाराशी सभा बोलावली. वेळ मच्छीमारांच्या सोयीची असेल, असं नोटिशीत मला ठळक करायला लावलं. वसाहतीतले लोक स्वेटर घालून, जांभया देत आले. मल्लम्मा, तिचा नवरा आणि संघमचे आठ-दहा जण एका बाजूला उभे होते, तराफा घेऊन. तराफ्याला दिलसुखनगरच्या कुठल्याशा कोचिंग क्लासचा जुना फ्लेक्स गुंडाळला होता, त्यामुळे गुणवत्ता यादीतली मुलं आमच्याकडे बघून हसत होती. एक कुत्रेवाले गृहस्थ म्हणाले, "थर्माकोलवर बंदी आपण एकमताने घातली. आता यांना अपवाद कशाच्या आधारावर?"

"हे थर्माकोल नाही, वाहन आहे," आजोबा म्हणाले.

"यावर माणूस बसतो, हे पटत नाही."

आजोबांनी चपला काढल्या. कुसुमताईने माझा हात घट्ट धरला. लाट जिथे संपते तिथून दोन पावलं मागे उभा राहणारा हा माणूस, विजार गुडघ्यापर्यंत वळून, मल्लम्माच्या नवऱ्यामागे गुणवत्ता यादीतल्या मुलांवर जाऊन बसला. तराफा दबला, हलला, आणि निघाला. एव्हाना उजाडू लागलं होतं. काही अंतरावर गेल्यावर त्यांनी दोन्ही हातांनी त्या माणसाचं बनियन धरलेलं आम्हाला स्पष्ट दिसत होतं. "अहो, चष्मा," कुसुमताई काठावरून ओरडली. तो त्यांनी कधीच खिशात ठेवला होता, शिकले होते. मध्यावर पोचल्यावर एक हात सुटला, खिशाकडे गेला, आणि पट्टी चमकली. ते जाळ्याचं भोक मोजत होते.

परत आले तेव्हा कमरेपर्यंत भिजले होते आणि दात वाजत होते. मला वाटलं, माप सांगतील. "माप बरोबर आहे," ते म्हणाले, आणि मग जरा थांबून, "वहिनी, पाण्यावरून आपली इमारत फार पुढे आलेली दिसते. बांधताना यांना कुणी विचारलं असेल का?" कुत्रेवाले गृहस्थसुद्धा वळून इमारतीकडे बघू लागले.

नियम बदलले. दाराची एक किल्ली संघमकडे गेली. आजोबांनी हट्टाने पहिलं कलम असं घातलं: अध्यक्षांचं विचारायचं राहिलं. मी खाली जोडलं: चिटणिसांचंही. थर्माकोलची बंदी वाहनं सोडून कायम राहिली. दाराची बिजागरी करकरते, झोपमोड होते, अशी तक्रार आली तेव्हा रखवालदार तेल घेऊन निघाला होता. आजोबांनी त्याला परत पाठवलं. "करकरू दे. आम्हाला माहीतच नव्हतं, असं पुन्हा कुणी म्हणायला नको."

तेव्हापासून रोज साडेचारला दार करकरलं, की चौथ्या मजल्यावर दिवा लागायचा. आजोबा चष्मा लावून बाल्कनीत यायचे, खालून मल्लम्माचा नवरा हात वर करायचा, वरून आजोबा करायचे, आणि दिवा मालवून पुन्हा झोपायचे. मला हे माहीत आहे, कारण मीही जागी झालेली असायचे.

मागच्या हिवाळ्यात कुसुमताईचे गुडघे फारच बिघडले आणि त्यांची मुलगी दोघांना विशाखापट्टणला घेऊन गेली. जाताना पट्टी त्यांनी मल्लम्माला दिली. ती आता गिऱ्हाइकांसमोर त्याच पट्टीने मासे मोजून दाखवते, आणि घासाघीस करणाऱ्याला पट्टीनेच गप्प बसवते. दर रविवारी मला विचारते, "सार आते क्या?" मी म्हणते, "आएंगे." परवा आजोबांचा फोन आला होता. घराच्या खिडकीतून समुद्र दिसतो म्हणाले. मी विचारलं, पाय बुडवले की नाही. म्हणाले, "अजून नाही, वहिनी. इथे कुणाशी ओळख व्हायची आहे."

तुम्ही डिसेंबरात याल तेव्हा जेट-लॅगने पहाटे जागे व्हालच. साडेचारला दार करकरेल. उठून खिडकीशी या, पण चष्मे लावून या. मल्लम्माचा नवरा तराफा पाण्यात ढकलण्याआधी अजूनही वर बघून हात करतो. चौथ्या मजल्यावर आता दिवा लागत नाही. म्हणून हल्ली मी आपला लावते.