शिरपतभाऊजींचं आरमार

मी पिठाच्या हातानंच दारात आले, तर हे अंगणात मोबाईल धरून उभे. "शिरपत गेला," एवढंच म्हणाले आणि पायरीवर बसले. माझ्या धाकट्या दिरांच्या जाण्याची ही बातमी… आणि माझ्या मनात पहिलं काय यावं? आता आरमाराचा सरखेल कोण होणार! भाऊजींना हे सांगता आलं असतं, तर पोट धरून हसले असते.

या माणसानं समुद्र आयुष्यात एकदाच पाहिला होता. वरंध घाटानं एसटीनं कोकणात उतरलो तेव्हा. किनाऱ्यावर बराच वेळ उभे राहिले आणि मला म्हणाले, "वैनी, ह्ये तर लई मोठं धरण हाय की. ह्याच्याखाली किती गावं असत्याल?" आमचं जुनं घर, खाचरं, सगळं गुंजवणीच्या धरणाखाली गेलेलं. आम्हाला खाली सपाटीला जमीन मिळाली. सरकारनं ती दुसऱ्या शेतकऱ्याकडून घेतलेली. आमच्या वाट्याचं आम्ही पेरलं. भाऊजींनी मात्र आपला तुकडा वर्षानुवर्षं पडीक ठेवला. "दुसऱ्याच्या ताटातलं हाय त्ये," म्हणायचे. यावरून दोघा भावांत बोलणं बंद व्हायची पाळी आली होती.

मग जत्रेच्या नाटकाचं खूळ भाऊजींच्या डोक्यात शिरलं. नाटक त्यांनी स्वतःच रचलं. पेशवाई बुडायला लागली, तेव्हा उरलंसुरलं आरमार गोळा करून मराठे थेट विलायतेवर चालून गेले असते तर? असं काही झालं नाही हे त्यांनाही ठाऊक होतं. "झालं न्हाई म्हून तर करायचं," म्हणायचे. उन्हाळ्यात धरणाचं पाणी ओसरलं की काठावर प्रयोग व्हायचा. ट्रकच्या ट्यूबा बांधून गलबतं केलेली आणि शिडं मी शिवलेली, जुनी लुगडी आणि खताची पोती जोडून. आधी मी खूप चेष्टा केली. पण मागे राजगड, पुढे पाणी आणि त्या पाण्यावर माझी लुगडी वाऱ्यानं फुगलेली पाहिली, तेव्हा अंगावर काटा आला. ज्या पाण्यानं आम्हाला उठवलं, त्याच पाण्यावर हा माणूस आरमार घेऊन उभा होता!

दरवर्षी शेवट ठरलेला. भर समुद्रात इंग्रजांचं जहाज आडवं येतं, त्यावरचा कप्तान ओरडतो, "तुमचं पुणं पडलं!" सरखेल झालेले भाऊजी गरजतात, "तोफा डागा!" आणि काठावरची पोरं सुतळी बाँब लावतात. एका वर्षी मात्र कप्तान ओरडला आणि भाऊजी गप्प उभे राहिले. लोकांना वाटलं, विसरले. मी काठावरून हळूच म्हटलं, "तोफा, भाऊजी…" त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"गडी हो," ते आपल्या माणसांना म्हणाले, "माघारी जायाला दौलत न्हाई ऱ्हायली. तोफंची दारू पान्यात टाका. बियाणं तेवढं जपा. जी जमीन लागंल तिथं उतरू, तिथल्या मान्सास्नी इचारू, आन् त्यांनी व्हय म्हनलं तर पेरू."

एकही बाँब वाजला नाही. कुणी शिट्टीसुद्धा मारली नाही. एवढी माणसं असून पाण्याचा आवाज ऐकू येत होता. इतकं मोठं काही मी माझ्या आयुष्यात पाहिलेलं नाही, हे मी आज लेखी सांगते.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊजी धुतलेला सदरा घालून निघाले. त्यांच्या पडीक तुकड्याचे मूळ मालक, तात्या, शेजारच्या वाडीत राहायचे. इतक्या वर्षांत आमच्यातलं कुणी त्यांच्या दाराशी गेलं नव्हतं. मी सोबत गेले, न जाणो भांडण झालं तर. भाऊजी उंबऱ्याबाहेरच थांबले. "तात्या, तुमची जमीन म्या पेरू का?"

तात्यांनी त्यांना नीट न्याहाळलं. मग आत वळून चहा टाकायला सांगितला आणि म्हणाले, "खालच्या बांधाला पानी साचतंय. म्या येतो दाखवायला."

त्या साली भाऊजींनी जुन्या गावचं, आम्ही दरसाल पेरून जपलेलं आंबेमोहोराचं बियाणं पेरलं. दरवर्षी त्यातलं थोडं बियाणं ते गलबताच्या जुन्या शिडात बांधून आढ्याला टांगत.

यंदाही ते तसंच टांगलेलं होतं. रोप टाकायचे दिवस आले तरी गाठोड्याला हात लावायचं माझं धाडस होईना. परवा तात्या काठी टेकत आले. गाठोडं खाली घेतलं. माझ्या लुगड्याचं एक टोक त्यांनी धरलं, एक मी. गाठ घट्ट होती, मी ओढायला लागले.

"सावकाश, बाई," तात्या म्हणाले, "लई लांबनं आलंय त्ये."