रुमालाखालची निवड

आप्पा माणसाच्या तोंडाकडे नंतर बघत, आधी पायाकडे. नवा माणूस समोर आला की त्यांची नजर खाली जायची, टाचेवरून घोट्यावर, घोट्यावरून गुडघ्यावर, आणि मग सावकाश चढत चेहऱ्यापर्यंत पोहोचायची. तोवर समोरचा बिचारा आपल्या चपलेला शेण लागलंय की काय म्हणून खाली वाकून पाहू लागायचा. साखर कारखान्यात नव्याने आलेल्या एका साहेबाला तर पहिल्याच भेटीत ते म्हणाले होते, "सायेब, उजवी टाच काऊन टेकवंना तुमी? काटा ऱ्हायलाय आत." साहेबांनी तिथे बूट काढला नाही. घरी जाऊन काढला आणि काटा निघाला, असं फाट्यावर सगळे सांगत. खरंखोटं साहेबांनाच माहीत.

धंद्याने आप्पा हेडी, म्हणजे बैलांचे व्यापारी. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, अंगात बंडी आणि खांद्यावर लाल चौकड्यांचा मोठा रुमाल. आठवड्यातला एक दिवस बैलबाजार, आणि उरलेले सहा दिवस कारखान्याच्या फाट्यावर बाबूभाईच्या हॉटेलात कबड्डी. खेळायची नव्हे, बोलायची. आमच्या कारखान्याची कबड्डीची टीम तेव्हा जिल्ह्यात नावाजलेली होती. पोळा झाला की, गाळप सुरू होण्याआधी, नव्या पोरांची चाचणी व्हायची. पन्नास-साठ पोरं यायची, दोन दिवसांत पाच उरायची आणि त्या पाचांतून एकाला घ्यायचे. टीममध्ये गेला की हंगामी नोकरी, दोन-तीन वर्षं नीट खेळला की कायम. त्या एका जागेसाठी पोरं जीव टाकायची, आणि ती कुणाला मिळावी यावर हॉटेलात, यादी लागून गेली तरी, आठ-आठ दिवस भांडणं चालायची.

हॉटेलाचा मालक बाबूभाई चढाईवाल्यांच्या बाजूचा. त्याला एका दमात तिघांना शिवून येणारा खेळाडू पाहिजे असायचा. "आप्पा, लोक काय पकड बघायला येतेत का? चढाईवाला घ्या, मैदान कसं पेटलं पायजे!" असं तो भट्टीमागून ओरडायचा. आप्पा बशीतला चहा संपवून, मिशा पुसून मग उत्तर द्यायचे. "लोक बघायला येतेत बे, टीम जिंकायला जाती." बाबूभाई चिडायचा. "तुमी बैल घेताय का पोरगं?" त्यावर आप्पा शांतपणे म्हणायचे, "बैल घेताना तर मी ह्याच्या दुप्पट बघतो. तुमी तर केसं बघून पोरं निवडायलात." केबल नुकतीच आली होती आणि चाचणीला येणाऱ्या निम्म्या पोरांचे केस मानेवर रुळत होते, त्यामुळे हॉटेल हसायचं आणि बाबूभाईही हसायचा.

आप्पांची स्वतःची बघण्याची रीत वेगळीच होती. चढाई चालू असताना ते बऱ्याचदा तंबाखू मळत बसलेले असायचे. पोरगा बाद झाला की मात्र हात थांबवून मान वर करायचे. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "जुपल्यावर सगळेच ओढतेत. सोडल्यावर कसा हुबा ऱ्हातो ते बघायचं." बाद झालेला पोरगा मैदानाबाहेर कसा जातो, पाणी कसं पितो, आत खेळणाऱ्यांकडे बघतो की मातीकडे, यावर त्यांचं मत ठरायचं. आम्हाला ते तेव्हा थोतांड वाटायचं. आज चाळीस पोरांच्या वर्गासमोर उभा राहिलो की मी दुसरं काहीच बघत नाही.

मत घेण्याची पद्धत त्यांनी बाजारातून उचलली होती. बैलांचा सौदा रुमालाखाली होतो. घेणारा आणि देणारा एकमेकांची बोटं धरून भाव सांगतात, बाजूच्याला कळत नाही. आप्पांनी तेच हॉटेलात आणलं. उरलेल्या पाच पोरांच्या बनियनवर एक ते पाच आकडे असायचे. चाचणीच्या शेवटच्या दिवशी दुपारी आप्पा बाकड्यावर बसायचे, रुमाल हातावर टाकायचे, आणि आम्ही एकेकाने जाऊन रुमालात हात घालायचा. तीन नंबरचा पोरगा पसंत असेल तर आप्पांची तीन बोटं धरायची. सांगून झालं की हात लगेच सोडायचा. कुणी उगाच रेंगाळला तर आप्पा खेकसायचे, "सोड की! बाजारात हात धरून ठिवला म्हंजी आजून बोलायचं ऱ्हायलंय असं असतंय." शेवटी स्वतःचं मत द्यायची वेळ आली की ते आपल्याच उजव्या हाताने आपल्या डाव्या हाताची बोटं धरायचे, रुमालाखाली, गंभीर चेहऱ्याने. मग सगळं डोक्यात जुळवून एकच आकडा जाहीर करायचे.

हा सगळा पोरखेळ म्हणावा, तर कारखान्याचे खेळाचे सर नेमके त्याच वेळी तिथे चहाला यायचे. यादी लागायची दुसऱ्या दिवशी, पण बहुतेक वेळा रुमालातलाच आकडा यादीत असायचा. कुणी कुणाची बोटं धरली, हे आप्पांनी जन्मात कुणाला सांगितलं नाही. "तोंडाला भीड असती, हाताला न्हाई," असं ते म्हणत. "हातानं सांगितल्यालं तोंडानं सांगायचं न्हाई."

त्यांची निवड कधी चुकली नाही असं मात्र समजू नका. एका वर्षी गेवराईकडचा एक उंचापुरा पोरगा आला होता. त्याचे पाय बघून आप्पांच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. सगळ्या हॉटेलाने त्यालाच पसंत केलं, सरांनी घेतला, आणि गाळप सुरू होऊन पंधरा दिवस होत नाहीत तोच पोरगा गाठोडं उचलून घरी पळाला. त्याला मळीचा वास सोसत नव्हता. जेवण पोटात ठरत नव्हतं. बाबूभाईने महिनाभर आप्पांना जगू दिलं नाही. आप्पांनी कबूल केलं, "पाय बघितलं, नाक बघायचं ऱ्हायलं." आणि साखर कारखान्याच्या फाट्यावर बसून तो अख्खा हंगाम त्यांनी बिनसाखरेचा चहा प्यायला.

त्याच्या पुढच्याच वर्षी त्या पाचांत मी होतो.

माझा नंबर पाच. बारावी होऊन दोन वर्षं झाली होती आणि घरात माझ्याकडे बघण्याची पद्धत बदलली होती. ही जागा मिळाली तर वडिलांसमोर मान वर करून जेवता येईल, एवढंच माझ्या डोक्यात होतं. चढाईत मी चांगला होतो, हे आजही सांगतो. माझी खरी स्पर्धा होती ती दोन नंबरशी. तो धर्मापुरीचा, सोमनाथ नावाचा, पकडीत घोरपडीसारखा चिकटणारा, बोलायला अगदी मुका. शेवटच्या सामन्यात मी एकाच चढाईत दोघांना मारलं. पुढच्या चढाईत सोमनाथने माझा घोटा धरला तो सोडलाच नाही. पंचांनी मला बाद दिलं. मी हात झटकला, पंचांकडे बघून काहीतरी पुटपुटलो आणि बाहेर येताना चुन्याच्या रेषेवर लाथ मारली. थोड्या वेळाने सोमनाथही बाद झाला. तो बाहेर आला, आणि मी विस्कटलेली रेषा त्याने बसून हाताने सारखी केली.

दुपारी मी हॉटेलाच्या बाहेर, लिंबाखाली उभा राहून आत बघत होतो. एकेक जण रुमालात हात घालून येत होता. शेवटी आप्पांनी स्वतःचं मत स्वतःला दिलं, रुमाल झटकला आणि म्हणाले, "दोन."

दुसऱ्या दिवशी यादीतही दोन नंबरच होता. मग गंमत अशी झाली, की फाट्यावर जो भेटेल तो माझ्या पाठीवर हात ठेवून सांगू लागला, "मी तर पाचच धरली होती रे." बाबूभाईने तर आईची शपथ घेतली. सगळे खरं बोलत असते तर माझी नोकरी पक्की होती! चार दिवस मी धुमसलो आणि पाचव्या दिवशी आप्पांना गाठलं. विचारलं, "आप्पा, बाकीच्यांचं सोडा. तुम्ही कुणाला धरलं?"

आप्पांनी माझ्या पायांकडे पाहिलं, मग तोंडाकडे. "बस," म्हणाले. बाबूभाईला दोन चहा सांगितले. चहा आला, संपला. मग म्हणाले, "ते इचारू नको, मी सांगणार न्हाई. खेळाडू न्हाई झाला तर बघणारा हो. बघणाऱ्यांची बी टीम असती." मला रडू आलं. त्यांनी रुमाल माझ्यापुढे केला आणि स्वतः रस्त्यावरच्या ट्रॅक्टरकडे बघत बसले.

त्या दिवसापासून मी त्यांच्या टीममध्ये होतो. पुढे डी.एड. केलं, गेवराई तालुक्यात शाळेवर लागलो, पण पोळ्यानंतरची ती दुपार कधी चुकवली नाही. नोकरीच्या पहिल्या महिन्यात आप्पा एसटीने शाळेत आले. मला वाटलं काही काम असेल. ते फाटकाशी उभे राहिले, मी वर्गातून मैदान ओलांडून त्यांच्यापर्यंत आलो ते सगळं निरखून पाहिलं आणि म्हणाले, "आता तू बराबर टाकतो पाय." तेवढ्यासाठी आले होते. पाणी पिऊन परतीच्या गाडीने गेले. सोमनाथ आठ वर्षं खेळला आणि त्याने टीमला तीन वेळा ढाल आणून दिली. प्रत्येक वेळी मी टाळ्या वाजवल्या, आणि प्रत्येक वेळी मनात तोच प्रश्न आला. उत्तर मला थोडंफार ठाऊक होतं. पण ठाऊक असणं वेगळं आणि त्यांच्याकडून कळणं वेगळं.

मग सगळंच बदलत गेलं. गावोगावी ट्रॅक्टर आले, बैलबाजारात बैलांपेक्षा माणसं जास्त दिसू लागली. "ट्रॅक्टरचं काय बघायचं? त्याला टाच न्हाई का घोटा न्हाई," असं आप्पा कुरकुरायचे. एका वर्षी कारखान्याच्या फलकावर कागद लागला, की खर्च परवडत नसल्याने कबड्डीची टीम बंद करण्यात येत आहे. सोमनाथला बॉयलरवर कायम काम होतं म्हणून बरं. त्या वर्षी पोळा झाला, आणि मला फाट्यावर जायची इच्छा होईना. तरी गेलो. बघतो तर आप्पा बाकड्यावर बसलेले, हातावर रुमाल पसरलेला, आणि मैदानावर आसपासच्या शाळांतली पोरं खेळत होती.

मी म्हणालो, "आप्पा, टीमच नाही. कुणासाठी निवडायचं?"

"टीम त्यांनी बंद केली. आपून कुटं बंद केलंय?" आप्पा म्हणाले. "डोळं हायेत तवर बघायचं. घाल हात."

मी हात घातला. बाबूभाईने घातला, भजी तळता तळता, तेलकट. आप्पांनी आकडा जाहीर केला आणि तेलगावच्या एका हडकुळ्या पोराला हाक मारून सगळ्यांसमोर सांगितलं, "ह्या साली तुजी निवड झाली." कशासाठी झाली हे त्याने विचारलं नाही आणि आम्हीही सांगितलं नाही. पण तो पोरगा घराकडे निघाला तेव्हा त्याची चाल बदललेली होती, हे मला आप्पांनी दाखवायची गरज पडली नाही. अशा बिनटीमच्या निवडी आम्ही पुढे सहा वर्षं केल्या. आताही माझ्या शाळेत कबड्डीचा संघ निवडताना मी टेबलावर रुमाल ठेवतो. पोरं हसतात, पण हात खरं सांगतो.

सातव्या वर्षी आप्पांना लकवा मारला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. मी भेटायला गेलो तेव्हा पोळ्याला दोन दिवस झाले होते. त्यानंतर आठवडाभरातच ते गेले, पण त्या दुपारी तसं वाटलं नव्हतं. त्यांच्या सुनेने मला खाटेशेजारी खुर्ची दिली आणि म्हणाली, "समजतंय समदं, मास्तर. फकस्त बोलता येईना." आप्पांनी खाटेवरून आधी माझ्या पायांकडे पाहिलं. मग तोंडाकडे.

मी शाळेतल्या पोरांबद्दल बोललो, बाबूभाईच्या गुडघ्यांबद्दल बोललो, पावसाबद्दल बोललो. बोलण्यासारखं संपलं. उशाशी तो चौकड्यांचा रुमाल घडी करून ठेवलेला होता. माझ्या मनात काय आलं कोण जाणे, मी तो उलगडला आणि त्यांच्या डाव्या हातावर टाकला. आत माझा उजवा हात घातला. म्हणालो, "आप्पा, मी उभा होतो त्या वर्षी तुम्ही कुणाला धरलं होतं? आता तरी सांगा."

त्यांचे डोळे हलले नाहीत. थोड्या वेळाने रुमालाखाली त्यांची बोटं चाचपडली. त्यांनी माझं एक बोट धरलं. मग दुसरं धरलं. मी तिसऱ्याची वाट पाहिली. खोटं कशाला बोलू, चाळिशीचा माणूस, दोन पोरांचा बाप, पण मी जीव मुठीत धरून तिसऱ्या बोटाची वाट पाहिली. दोनच धरली होती त्यांनी.

मला वाईट वाटलं. आणि पाठोपाठ इतकं बरं वाटलं, की काय सांगू. दुसऱ्या कुणीही त्या घडीला मला पाच बोटं दिली असती.

सांगून झालं होतं. मी हात काढून घ्यायला लागलो, पण आप्पा सोडेनात. एवढा अशक्त माणूस, पण दोन बोटं घट्ट धरून ठेवली होती आणि माझ्याकडे बघत होते. सुनेने चहा आणला. रुमालाकडे पाहिलं आणि कप माझ्या दुसऱ्या बाजूला ठेवला. मी चहा डाव्या हाताने प्यायलो.