लेन्स दिली, माइक घेतला

शाईकाकांना ऐकू येत नाही, हे घरात सगळ्यांना माहीत होतं आणि घराबाहेर कुणालाच नाही, असा त्यांचा समज होता. छापखान्यात मोठ्या मशीनला खेटून बत्तीस वर्षं काढली, त्यात कान गेले. मुलीने कानात घालायचं यंत्र आणून दिलं होतं. ते शिट्टी वाजवतं अशी इतरांची तक्रार आली, म्हणून ते कपाटात गेलं. शाईकाका समोरच्याच्या ओठांवरून बोलणं ओळखत. तो तोंड फिरवून बोलला, की मान डोलवून "हो, हो" म्हणत. दहातल्या आठ वेळा "हो" हे उत्तर चालून जातं, असा त्यांचा अनुभव होता.

बायको त्याच छापखान्यात वाचकबाई होती. लेखकाचा मूळ कागद मोठ्याने वाचायचा आणि समोरच्याने त्यावरून छापलेला मजकूर तपासायचा, असं ते काम. वाचकबाई स्वल्पविरामसुद्धा वाचून दाखवत. ती सवय घरीही सुटली नाही. "मीठ आणायला सांगितलं होतं स्वल्पविराम साखर घेऊन आलात उद्गारचिन्ह," असं त्या रागाने म्हणत आणि मुलगी खोखो हसे. लग्नाच्या वेळी शाईकाकांचे कान शाबूत होते, त्यामुळे तो आवाज त्यांनी ऐकलेला होता. पुढे तो हळूहळू विरत गेला आणि एक दिवस लक्षात आलं, की आता तो फक्त दिसतोय.

ही दहा-बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. त्यांच्यासारख्यांच्या फोनला तेव्हा बटणं असत आणि त्यावर बोलण्यापलीकडे फारसं काही करता येत नसे. वाचकबाईंच्या घशात गाठ निघाली. स्वरयंत्र काढावं लागेल, दुसरा उपाय नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं आणि तारीखही दिली. मुलगी दूर दुसऱ्या शहरात होती. तिला सातवा महिना होता आणि प्रवासाची बंदी. तिने बापाला पत्रच लिहिलं : "बाबा, आईचा बोलतानाचा व्हिडिओ करून ठेवा. माझ्या बाळाला आजीचा आवाज ऐकवायचाय. एवढं एक करा."

शाईकाकांनी ते काम अंगावर घेतलं. आयुष्यात त्यांनी कॅमेरा धरला नव्हता, पण छापलेले फोटो लाखोंनी पाहिले होते. वाचनालयात बसून त्यांनी आठ दिवस मासिकं चाळली. दवाखान्याच्या पैशांना हात लावायचा नव्हता. वेगळे ठेवलेले पैसे होते, तेवढ्यात काय बसतं ते पाहायचं. नवा छोटा व्हिडिओ कॅमेरा बसत होता, पण त्याची काच नखाएवढी. त्याच पैशांत जुना, लेन्स बदलता येणारा कॅमेरा मिळू शकत होता. त्यांचं मन जुन्याकडे ओढ घेत होतं.

बायको दवाखान्यात भरती व्हायच्या आदल्या दिवशी ते जुन्या कॅमेऱ्यांच्या दुकानात गेले. दुकानदाराला सगळे भिंगवाला म्हणत. अरुंद दुकान, दोन्ही बाजूंना काचेची कपाटं. भिंगवाल्याने तीन कॅमेरे काउंटरवर मांडले.

"व्हिडिओच करायचाय ना काका? मग हा साध्या लेन्सचा घ्या. झूमही होतो. उरलेल्या पैशांत चांगला स्टँड येईल."

शाईकाकांनी खिशातून वर्तमानपत्राचा तुकडा काढला, समोरच्या भिंतीला चिकटवला आणि प्रत्येक कॅमेऱ्याने त्याचा फोटो काढायला लावला. मग पडद्यावर तो मोठा करून अक्षरांच्या कडा पाहिल्या. साध्या लेन्समध्ये अनुस्वार फुगत होता. पन्नास मिलिमीटरच्या लेन्समध्ये तो टाचणीच्या टोकासारखा उभा राहिला.

"ही," ते म्हणाले.

"काच उत्तम आहे हो. पण तुम्हाला ती कशाला? झूम नाही, काही नाही."

"माझ्या बायकोचे ओठ स्पष्ट दिसले पाहिजेत. उद्या ती दवाखान्यात जातेय."

भिंगवाल्याने त्यांच्याकडे जरा निरखून पाहिलं. लेन्स महाग होती, म्हणून कॅमेरा त्यातल्या त्यात स्वस्त निवडावा लागला. भिंगवाला चार्जर शोधायला काउंटरखाली वाकला आणि वाकल्या वाकल्याच बराच वेळ काहीतरी बोलत राहिला. शाईकाकांना त्याची फक्त पाठ दिसत होती.

"हो, हो," त्यांनी मान डोलवली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहाला दवाखान्यात हजर व्हायचं होतं. सकाळी नऊला त्यांनी बायकोला खिडकीजवळच्या खुर्चीत बसवलं. शिलाई मशीनच्या स्टुलावर तीन जाडजूड शब्दकोश रचून त्यावर कॅमेरा ठेवला. स्टूल शेजारच्या शिवणवहिनींचं होतं.

"काय बोलू?" वाचकबाईंनी विचारलं. आवाज घोगरा झाला होता, असं शिवणवहिनी म्हणत. डॉक्टरांनी शक्यतो बोलू नका असं बजावलं होतं.

"बाळाशी बोल."

"ते अजून पोटात आहे अहो."

"मग त्याच्या आईशी बोल."

त्या बोलल्या. मुलगी लहानपणी शाईचे हात भिंतीवर कशी उमटवायची ते सांगितलं, दोन बडबडगीतं म्हटली, छापखान्यातल्या एका चुकीची गंमत सांगितली, ज्यात 'आदरणीय'चा 'आवरणीय' होऊन गेला होता. पाऊण तास झाला. शाईकाकांनी पडद्यावरून नजर हलवली नाही. एकेक ओठ, एकेक दात स्पष्ट. शेवटी शेवटी त्या थांबून थांबून, घोट घेऊन बोलत होत्या. मग त्यांनी हात वर केला. बास.

दुपारी दोनला शिवणवहिनी आल्या. कॅमेऱ्यात पाहून म्हणाल्या, "अय्या, काय सुरेख दिसताय ताई!" आणि मग त्यांनी कॅमेरा कानाशी नेला. हलवला. पुन्हा कानाशी नेला.

शाईकाका त्यांचा चेहरा पाहत होते. माणसाचा चेहरा वाचायची त्यांना वर्षानुवर्षांची सवय.

"काका," वहिनी त्यांच्याकडे तोंड करून सावकाश म्हणाल्या, "आवाज नाहीये यात."

"बारीक असेल. मोठा करा."

"मोठाच आहे. आवाज आलेलाच नाही. एक अक्षर नाही."

वाचकबाई खुर्चीतून उठल्या. त्यांनी स्वतः कॅमेरा कानाला लावला. मग नवऱ्याकडे पाहून त्या काहीतरी म्हणाल्या, आणि त्या वेळी त्यांच्या तोंडून नुसती हवा आली, हे शिवणवहिनींच्या चमकण्यावरून शाईकाकांना कळलं. ओठांवर शब्द होते : "टेपरेकॉर्डर भंगारात घातला नसतात तर!"

सकाळच्या पाऊण तासात उरलासुरला आवाज खर्च झाला होता. दुकान जेवणाच्या सुट्टीनंतर चारला उघडायचं. जायला वीस मिनिटं, यायला वीस मिनिटं. शाईकाकांनी बायकोला गरम पाणी करून दिलं, "आता एक शब्द काढू नकोस" म्हणून सांगितलं आणि साडेतीनलाच दुकानाच्या बंद दारासमोर जाऊन उभे राहिले.

भिंगवाला चार वाजून दहा मिनिटांनी आला. किल्ली लावेपर्यंतही शाईकाकांना धीर नव्हता.

"फसवलंत मला! बिघडलेला माल गळ्यात मारलात!"

"कुणी? मी?" भिंगवाला जागच्या जागी वळला. "काका, तोंड सांभाळून. मी काल स्वच्छ सांगितलं, याचा आतला माइक गेलाय, म्हणून स्वस्त देतोय, बाहेरचा माइक लावल्याशिवाय आवाज येणार नाही. दोनदा सांगितलं. तुम्ही हो हो म्हणालात."

"कधी सांगितलंत?"

"चार्जर काढताना."

ती वाकलेली पाठ शाईकाकांना लख्ख आठवली. रस्त्यावरून जाणारी दोन माणसं भांडण बघायला थबकली होती. हो म्हटलं तर स्वतःची चूक, नाही म्हटलं तर हा माणूस खोटा. आणि घड्याळात सव्वाचार.

"मला ऐकू येत नाही," ते म्हणाले. परक्या माणसाला हे त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा सांगितलं. आपण किती मोठ्याने बोललो हेही त्यांना कळलं नाही, पण ती दोन माणसं एक पाऊल मागे सरली. "मी ओठ बघतो. तुम्ही खाली वाकला होतात."

भिंगवाल्याने किल्ली कुलुपातच सोडली. तो शाईकाकांच्या अगदी समोर आला आणि तोंड मोठं उघडून म्हणाला, "बायको कधी जाणारे दवाखान्यात?"

"सहाला पोचायचंय. उद्या तिचा आवाज जाणार. कायमचा."

पुढचं भराभर झालं. कॉलरला अडकवायचा वायरचा माइक दुकानात एकच होता आणि शाईकाकांकडे पैसे उरले नव्हते.

"ही लेन्स परत घ्या. साधी द्या, आणि माइक द्या."

"ओठ स्पष्ट यायला हवे होते ना तुम्हाला?"

"ते मला. मुलीला आवाज हवाय."

भिंगवाल्याने लेन्स बदलली. मग कॅमेरा चालू करून पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात बोट ठेवलं. तिथे दोन बारीक आडव्या रेघा होत्या. "या पट्ट्या बघा. बोललं की हिरव्या पळतात. लाल झाल्या तर आवाज फाटतोय. पळाल्याच नाहीत तर..." त्याने हातानेच शून्य काढून दाखवलं. सकाळी पाऊण तास त्या पट्ट्या मेल्यासारख्या पडून होत्या. शाईकाकांनी त्या पाहिल्या होत्या. बॅटरीचं काहीतरी असेल, असं त्यांना वाटलं होतं.

ते घरी पोचले तेव्हा पाच वाजून पाच मिनिटं झाली होती. दाराशी दवाखान्यात न्यायला बोलावलेली गाडी येऊन थांबली होती आणि चालक हॉर्न वाजवत होता, असं वहिनी म्हणाल्या. वाचकबाईंनी साडी बदलली होती. पिशवी भरून तयार होती. शाईकाकांनी त्यांच्या पदराला माइक अडकवला, वायर कॅमेऱ्यात खुपसली, शब्दकोश पुन्हा रचले.

"बोल."

ओठ हलले. पट्ट्या जागच्या हलल्या नाहीत.

"थांब. थांब! बोलू नकोस, वाया जातंय." त्यांनी वायर काढली, पुसली, पुन्हा घातली. "एकच शब्द बोल. बारका."

ओठ हलले. पट्ट्या तशाच.

वाचकबाईंनी डोळे मिटून घेतले. घशावर हात ठेवला. भिंगवाल्याने दुसऱ्यांदा फसवलं, असं शाईकाकांच्या मनात आलं आणि लगेच दुसरं आलं, की त्याने या वेळीही काहीतरी सांगितलं असेल आणि आपण पट्ट्या बघत बसलो असू.

"काका, सरका जरा," शिवणवहिनी पुढे झाल्या. सुई ओवणारी त्यांची नजर. वायरच्या मधोमध एक डबी होती, तिच्या कडेला तांदळाएवढं बटण. त्यांनी ते नखाने सरकवलं.

खोलीत कुणी बोललं नव्हतं, तरी हिरव्या पट्ट्या किंचित थरथरल्या. बाहेरच्या हॉर्नने असेल.

"आता," शाईकाका म्हणाले.

वाचकबाई बोलू लागल्या. शाईकाकांनी नजर पट्ट्यांवर रोवली. पट्ट्या पळत होत्या, थांबत होत्या, पुन्हा पळत होत्या. मध्येच त्या अगदी खाली बसल्या, तेव्हा त्यांनी हाताने "जरा मोठ्याने" अशी खूण केली. एकदा लाल टोक चमकलं, तेव्हा तळहात आडवा केला. वर चेहऱ्याकडे एकदाही पाहिलं नाही. पाहिलं असतं तर पट्ट्या सुटल्या असत्या, आणि सकाळसारखं पुन्हा झालं तर आता तिसरी वेळ नव्हती. चार मिनिटं गेली. मग पट्ट्या थांबल्या आणि थांबूनच राहिल्या.

त्यांनी वर पाहिलं. वाचकबाई पाणी पीत होत्या.

शिवणवहिनींनी त्यांच्या रेडिओचं कानात घालायचं बोंडूक आणलं होतं. ते कॅमेऱ्याला लावून त्या ऐकू लागल्या. शाईकाका त्यांच्यासमोर उभे. वहिनींच्या कपाळावर आठी पडली. मग वहिनींनी तोंडावर हात धरला आणि त्यांचे खांदे हलू लागले. रडतायत की हसतायत, तोंड झाकल्यावर कसं कळणार?

"आलाय का?" शाईकाका ओरडले. "हात काढा तोंडावरचा! आवाज आलाय का?"

वहिनींनी हात काढला. डोळ्यांत पाणी होतं आणि तोंड हसत होतं. "आलाय. सगळा आलाय. श्वाससुद्धा ऐकू येतोय."

शाईकाका स्टुलावर बसायला गेले. त्यावर शब्दकोश होते. वहिनींनी कॅमेरा पटकन उचलला.

"काय म्हणतेय ती बाळाला?"

वहिनींनी वाचकबाईंकडे पाहिलं. त्यांनी खांदे उडवले, सांग म्हणून.

"बाळाला नाही हो, तुमच्या मुलीला. म्हणतायत, बाळ बाबांकडे देशील तेव्हा आधी त्यांना हात चोळायला लाव. थंडगार असतात."

"आणि?"

"आणि जेवताना ते पेपर वाचतात, तर त्यांच्या मांडीवर बाळ देऊ नकोस, आमटी सांडतील. उलटा बनियन घालतात, ते बघत जा. गोळ्या घेतल्या का विचारलं तर घेतल्या म्हणतील, पाकीट मोजून बघ."

"चार मिनिटं हेच?"

"पुढेही आहे. बरंच आहे." वहिनींना पुन्हा हसू फुटलं. "म्हणू का?"

वाचकबाई दाराशी पोचल्या होत्या. त्यांनी हातातली पिशवी पुढे केली, ही धरता की नाही, अशी. शाईकाकांनी ती घेतली. कॅमेरा वहिनींच्याच हातात ठेवला.

"आजच मुलीला कुरिअर करा," ते म्हणाले. "मला कळायची घाई नाही."

आणि बायकोचा दंड धरून ते जिना उतरू लागले.